दोन दिवस फोन न उचलण्याची चाचणी

मी तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगते. ऑफिसात मला माझ्यामागे ‘मास्तरीण’ म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या विमा कंपनीचे पंचेचाळीस लाख कागद, म्हणजे पॉलिस्या, दावे, पत्रं, सगळं ज्या संगणक प्रणालीत जपून ठेवलंय, तिची देखभाल एकोणीस वर्षं मी एकटी करते. काही अडलं की लोक मला फोन करतात. मी दुसऱ्या रिंगला उचलते, चार शब्द सुनावते आणि काम करून देते.

नव्या साहेबांनी एक दिवस हातात तक्ता ठेवला. आपली जुनी प्रणाली आणि बाहेरच्या दोन कंपन्यांच्या नव्या, अशा तिघींची तुलना करायची. कोणती किती बिघडते, निगा कोण राखतं, मदत किती वेळात मिळते. म्हणजे न्यायाधीश मी आणि आरोपी माझ्याच घरची. तरी म्हटलं, करू. लबाडी करायची नाही.

शेवटचा रकाना होता, ‘मदत करणारं माणूस दोन दिवस नसेल तर?’ दोन्ही कंपन्यांनी छातीठोकपणे लिहून दिलं होतं की आमच्याकडे चाळीस माणसं आहेत, एक नसला तर दुसरा. आमच्याकडे एकच.

“मग करून बघा,” साहेब म्हणाले. “बुधवार-गुरुवार रजा घ्या, कोणाला सांगू नका. फोन आला तर उचलायचा नाही, नुसती वेळ लिहायची. काम अडलं तर जुनी प्रणाली मोडीत काढू. नाही अडलं तर ठेवू.”

“आणि माझं काय?”

“तुमचं पद त्या प्रणालीबरोबरच आहे ना,” ते अगदी गोड आवाजात म्हणाले.

इकडे आड, तिकडे विहीर. काम अडलं तर नोकरी गेली. नाही अडलं तर नोकरी राहिली, पण मग एकोणीस वर्षं मी लोकांना कशाला लागत होते? घरी जाताना मनात म्हटलं, अडू दे थोडंसं. नोकरी जाईल इतकं नको, पण कोणाला तरी माझी आठवण येईल इतकं अडू दे.

बुधवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर फोन, वही आणि पेन मांडून बसले. चार खुर्च्यांतली एक माझी, उरलेल्या तिन्हींवर इस्त्रीचे कपडे असतात. धाकट्या बहिणीचं फुलांचं चित्र आलं. ते ती रोज अठ्ठावीस जणांना पाठवते, त्यात मी एक. दहा वीसला फोन वाजला. दावे विभागातले कारकून, ज्यांना सगळे घाईबुवा म्हणतात. वाजू दिला. हात नुसते शिवशिवत होते. वहीत लिहिलं, १०.२०. मग १०.२४. मग १०.३१. जिवात जीव आला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर फोन वाजला नाही. दुपारी मी रेंज तपासली. बंद करून पुन्हा चालू केला. संध्याकाळी ऑफिस सुटायची वेळ झाली, तेव्हा वहीत तीनच आकडे होते.

गुरुवारी दुपारी तीनपर्यंत एकही नाही. मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. घरच्या संगणकावरून प्रणालीत शिरले आणि शोध बंद करून टाकला. म्हणजे कागद सगळे जागच्या जागी, पण शोधायला गेलं तर एक सापडणार नाही. आता बघतेच, म्हटलं, कसे फोन करत नाहीत.

तीन पाच झाले. तीन दहा झाले. फोन मी हातातच धरला होता. काय सुनावायचं तेही ठरलं होतं; उचलायचा नाहीये, हे साफ विसरले होते. तीन पंचवीसला राहवेना म्हणून आत बघितलं, तर शोध सुरू. तीन वाजून बारा मिनिटांनी कोणीतरी तो चालू केला होता. नोंदीत नाव घाईबुवांचं.

शुक्रवारी त्यांना जाऊन गाठलं. “काल शोध बंद पडला होता म्हणे?”

“पडला होता थोडा वेळ. भिंतीवर तुमचा कागद आहे ना, काय बिघडलं तर काय करायचं, तो बघून केला चालू. परवा तुम्ही फोन उचलला नाहीत, तेव्हाही त्यावरूनच भागवलं. फार सोपं लिहिलंय हो.”

“मग इतकी वर्षं मला फोन कशाला करत होतात?”

“सवय,” ते हसले. “तुम्ही लगेच उचलता. कागद वाचायचा कंटाळा येतो.”

तो कागद मीच लिहिला होता, बारा वर्षांपूर्वी, त्यांच्या चुकांवर वैतागून. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा. मी “बरं” म्हणाले आणि जागेवर आले.

अहवाल लिहायला घेतला. जुन्या प्रणालीला पैकीच्या पैकी. देखभाल उत्तम. दोन दिवसांत नोंदलेला बिघाड एक, बारा मिनिटांत दुरुस्त, मदत करणाऱ्या माणसाची गरज पडली नाही. मग ‘बिघाडाचं कारण’ आलं. ‘अज्ञात’ लिहिलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं, नोंदी तपासणारी मीच. पण त्या दोन कंपन्यांचे मी एकेका लपवाछपवीला गुण कापले होते. स्वतःला कशी सोडू? चारदा लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी लिहिलं, ‘शोध मी घरून बंद केला. बुधवारी सकाळनंतर कोणाचाच फोन आला नाही, म्हणून. कोणीतरी करावा असं वाटत होतं.’

पाठवलं आणि बसून राहिले. नोकरी गेली तर गेली. निदान साहेब बोलावतील, दार लावून घेतील, ओरडतील, विचारतील की बाई, असं का केलंत. मला सांगायचं होतं त्यांना. कुठून सुरुवात करायची तेसुद्धा मी मनात जुळवत होते.

पाच वाजता उत्तर आलं. ‘अहवाल छान झालाय. जुनी प्रणाली ठेवतोय, तुम्हीही आहातच. कारणाच्या रकान्यातला मजकूर काढून “किरकोळ बिघाड” असं केलं आहे. पुढे पाठवताना ते बरं दिसत नाही.’

मी शेवटपर्यंत वाचत गेले. त्याच्याखाली फक्त त्यांची सही होती.