तिसऱ्या हाकेला ओ

यून सांगहोला पहिली हाक लीड्सच्या मार्केटमध्ये ऐकू आली. पूर्ण नावाने, कोरियनमध्ये. त्याने ओ दिली, पण मागे कुणीच नव्हतं. दुसरी हाक दुसऱ्या दिवशी जिन्यात आली. तेव्हाही त्याने ओ दिली आणि घरात येऊन दाराला पाठ टेकून बसला.

"आजी सांगायची, न्यायला येणारा दूत तीनदा हाक मारतो," तो ऋजुताला म्हणाला. "तिसऱ्या हाकेला ओ दिली की संपलं."

ऋजुता पुण्याची, इथल्या एका बँकेत डेटा तपासायची. दोन वर्षं दोघं एकत्र राहत होते. तिने ते हसण्यावारी नेलं असतं, पण सांगहोचा हात बर्फासारखा होता आणि थर्मामीटर चौतीस सेल्सियसच्या वर सरकेना.

"मग ओ देऊच नकोस."

"आवाज आईचा आहे, ऋजुता." त्याची आई सहा वर्षांपूर्वी गेली होती. "किती वेळ गप्प बसेन मी?"

"एकतिसाव्या वर्षी तुला कशाला नेतील? दूत चुकत नाही कधी?"

"चुकतो म्हणे. एकाच नावाची दोन माणसं असली की."

ऋजुता ताडकन उठली. गेल्या महिन्यात हॉस्पिटलचं पत्र आलं होतं, हार्ट क्लिनिकचं. नाव यून सांगहो, जन्मसाल १९४१. चुकून आलंय म्हणून त्यांनी ते परत पाठवलं होतं. तिने कोरियन चर्चला फोन लावला. हो, त्या नावाचे एक आजोबा होते, जवळच्याच, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. फार थकलेत, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

तेवढ्यात दाराबाहेरून हाक आली. सांगहोचे ओठ उघडले. ऋजुताने त्याच्या तोंडावर हात दाबला, त्याला मागे ढकललं आणि स्वतः दार उघडलं.

बाहेर काळी रुंद हॅट घातलेला उंच माणूस उभा होता. पाऊस कोसळत होता, पण त्याचा कोट कोरडा होता.

"तुमच्याकडे जन्मसाल काय आहे?" तिने दाराची कडी न सोडता विचारलं.

त्याने हातातला कागद पाहिला. "एकेचाळीस."

"हा पंचाण्णवचा आहे."

त्याने कागदाची घडी घातली. "मग दुसरा कुठे आहे?"

पत्ता तिच्या ओठांवर होता. सांगहो मागून तिचा हात घट्ट धरून उभा होता.

"ते मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"मग मी उद्या पुन्हा इथेच येईन."

त्याच दुपारी दोघं नर्सिंग होममध्ये गेले. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग कष्टाने हसले.

"तीन आठवडे कान लावून पडलोय. वाटलं, मला विसरलेच. पोरी, तू पत्ता का नाही दिलास?"

"तो तुमचा होता. मी कशी देणार?"

त्यांनी सांगहोला खिडकी उघडायला लावली. मग मान उचलून स्वतःच पावसात स्वतःचं नाव पुकारलं. क्षणभर काहीच झालं नाही. नंतर कॉरिडॉरमधून हाक आली. सांगहोने डोळे मिटून ओठ चावला.

"आलो गं," आजोबा म्हणाले. त्यांना तो बायकोचा आवाज वाटला असावा.

ऋजुताच्या मुठीतला सांगहोचा हात हळूहळू कोमट होत गेला. नर्स धावत आली, आजोबांची नाडी पाहिली आणि हलकेच विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?"

"हो," सांगहो म्हणाला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसला.