अध्यक्षांचा वरचा ओठ

समतेचा रथ एकदा निघाला की जगातली कोणतीही सत्ता त्याला अडवू शकत नाही. आमच्या गावात मात्र तो विश्वंभरनानांच्या मिशीपाशी अडला आणि चांगला महिनाभर तिथेच उभा राहिला.

आमचं गाव नागावच्या शेजारचं. गावाला समुद्र आहे, सुपारीच्या वाड्या आहेत आणि एक सार्वजनिक वाचनालय आहे. वाचनालय सरकारी अनुदानावर चालतं, म्हणजे अनुदान येईल या आशेवर चालतं. विश्वंभरनाना त्याचे अध्यक्ष. ते अध्यक्ष कधी झाले हे कुणाला आठवत नाही. मिशी त्याच्याही आधीची असावी. ती नाकाखाली सुरू होते आणि वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावर येऊन टेकते. नाना चहा पितात तेव्हा तो आपोआप गाळला जातो.

कार्यकारिणीत आम्ही सातजण, बहुतेक वाडीवाले. घरची सुपारी गालात ठेवल्याशिवाय आम्हाला विचार सुचत नाही आणि ठेवल्यावर तो कुणाला सांगता येत नाही. तरीही आमच्या सभा तीन-तीन तास चालत. सगळे एकदम बोलत. ऐकण्याचं काम कुणाकडेच नसल्यामुळे कधी भांडण झालं नाही.

ऐकण्याचं काम होतं ते ग्रंथपाल श्रद्धाकडे, कारण इतिवृत्त तिला लिहावं लागे. तिचे कान गेली काही वर्षं हळूहळू अधू होत होते. मांडव्याहून लाँचने मुंबईला जाऊन तिने सगळ्या तपासण्या केल्या, यंत्रंही लावून पाहिली. गेल्या दिवाळीनंतर कान पुरते बंद झाले. ही गोष्ट तिने स्वतःच आम्हाला सांगितली, नाहीतर आम्हाला कळलीही नसती. वाचक पुस्तक मागत, ती ओठांकडे बघून पुस्तक काढून देई. तक्रार एकाचीही नव्हती.

तक्रार आमचे खजिनदार देवदत्त यांना सुचली. सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "वाचनालयात शांतता राखणं हे ग्रंथपालाचं पहिलं काम. श्रद्धाला ऐकूच येत नाही, तर गोंगाट चाललाय हे तिला कळणार कसं?"

हा मुद्दा सगळ्यांना इतका पटला की सभेत प्रचंड गोंगाट झाला.

"तिला मागच्या खोलीत बसवू या," देवदत्त पुढे म्हणाले. "पुस्तकांना पुठ्ठे चढवील. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. पगार जरा कमी, पण त्रासही कमी."

श्रद्धा टेबलाच्या टोकाला वही घेऊन बसली होती. तिने कुणाचं तोंड वाचलं ते माहीत नाही, पण लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. पंधरा वर्षं ती त्या दर्शनी टेबलाशी बसत आली होती. गावातली निम्मी पोरं तिने शोधून दिलेल्या पुस्तकांवर परीक्षा पास झाली होती. मागच्या खोलीत खळ आणि झुरळं यांच्याशिवाय काही नव्हतं.

तेव्हा अनुसूयाबाई बोलल्या. त्या अलिबागच्या कोर्टात वकिली करून निवृत्त झालेल्या, आणि कार्यकारिणीत सुपारी न खाणाऱ्या एकट्या.

"देवदत्त, जुना जमाना गेला. अपंगांचा नवा कायदा येऊनही आता वर्षं झाली. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला तो लागू आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही आणि खालच्या जागेवर ढकलायचंही नाही. उलट त्याला काम करता यावं म्हणून वाजवी सोय करून द्यायची."

"ती सोयच तर करतोय आम्ही! मागच्या खोलीत पंखा आहे."

"ती तुमची सोय झाली. तिची सोय कोणती, ते तिला विचारा. आणि हा मत घेण्याचा विषयच नाही."

म्हणून आम्ही, हा मत घेण्याचा विषय आहे की नाही, यावर मत घेतलं. मी तटस्थ राहायचं ठरवलं होतं, पण नेमकं तेव्हाच अनुसूयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन मतं पडली. उरलं नानांचं.

नाना न्यायी माणूस. ते म्हणाले, "मी श्रद्धाशी स्वतः बोलेन आणि मग ठरवीन." लगेच तिच्यासमोर उभे राहून ते बराच वेळ बोललेही. मिशी वर-खाली होत राहिली.

श्रद्धा अवघडून म्हणाली, "नाना, माफ करा. तुमचं मला काहीच कळलं नाही."

"बघा!" देवदत्त ओरडले. "अध्यक्षांशीसुद्धा बोलता येत नाही हिला!"

अनुसूयाबाई श्रद्धाकडे वळल्या. "काय केलं तर कळेल, ते सांग गं. अजिबात लाजू नकोस."

"एका वेळी एकानेच बोलावं," श्रद्धा म्हणाली, "आणि माझ्याकडे तोंड करून. तोंडात सुपारी नको, गाल फुगला की शब्द वाकडे दिसतात. एवढंच. बाकी मी सांभाळते." मग तिने नानांकडे पाहिलं. "फक्त नानांचं... त्यांचा वरचा ओठच दिसत नाही."

वाचनालय स्थापन झाल्यापासून तिथे पहिल्यांदाच शांतता पसरली.

देवदत्तांनी एक शंका काढलीच. "सोयीचा संस्थेवर भलताच बोजा पडत असेल, तर कायद्यात सूट आहे म्हणे. मग मिशी हा बोजा धरायचा का?"

"मिशी संस्थेची मालमत्ता असेल तर धरा," अनुसूयाबाई म्हणाल्या.

नाना काही बोलले नाहीत. बोलले असतील, पण दिसलं नाही. निर्णय पुढच्या सभेपर्यंत लांबला.

तो महिना सोयीचा ठरला. दाराशी एक तबक ठेवलं, आत येणाऱ्याने सुपारी तिथे काढून यायचं. सुपारीशिवाय बसल्यावर आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षात आलं, की आपल्याला सांगण्यासारखं काही नाहीच. देवदत्तांनी मिशीला तोड म्हणून फोनवर बोललेलं उमटवणारं ॲप आणलं. त्यांनी चोरून सुपारी तोंडात ठेवूनच त्याची परीक्षा घेतली. ते ॲप अर्धा तास 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच म्हणत राहिलं.

इकडे श्रद्धाने टेबल फिरवून वर्तमानपत्रांच्या बाकांकडे तोंड करून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी ती तिथून म्हणाली, "सदूकाका, सुनेची गाऱ्हाणी बाहेर."

सदूकाका शेतीची कामं संपली की रोज पेपर वाचायला येत, म्हणजे पेपरामागे तोंड घालून शेजाऱ्याशी कुजबुजत. ते दचकले. "मी तं काय बोललोच न्हाय!"

"बोललात. तिने कोलंबीच्या कालवणात नारळ घातला नाही, असं बोललात."

"व्हय, पन ते हलूच बोललो!"

"मला हळू आणि मोठं सारखंच दिसतं, काका."

आठवड्याभरात वाचनालयात पान उलटल्याचा आवाज येऊ लागला. जुन्या वाचकांना तो आधी ओळखू आला नाही. काहीजणांनी नाइलाजाने वाचायला सुरुवात केली. देवदत्त एकदा कोपऱ्यात उभं राहून माझ्या कानात म्हणाले, "मुद्दा तसा गेलाच म्हणायचा माझा." समोरून श्रद्धा म्हणाली, "आभारी आहे, देवदत्तकाका."

पण ठरवायचं नानांनी होतं, आणि नाना महिनाभर वाचनालयाकडे फिरकले नव्हते. तरुणपणी एका नाटकात त्यांनी सरदाराची भूमिका केली होती. तेव्हा खोटी मिशी ऐन प्रवेशात सुटून पडली होती आणि त्यानंतर त्यांनी ही खरी वाढवली होती. ती काढणं त्यांच्या दृष्टीने पुन्हा एकदा भर रंगमंचावर उघडं पडण्यासारखं होतं. श्रद्धाने मात्र टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. रबरी शिक्के, गोंदाची बाटली, चष्म्याची जुनी घरं सगळं एका पिशवीत भरून तिने पिशवी पायाशी ठेवली. "नानांनी काही कळवलं का?" असं तिने मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली, कारण ते तिला सगळ्यात लवकर कळतं.

सभेच्या दिवशी संध्याकाळी दारात एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले. गोरापान वरचा ओठ, बाकीचा चेहरा उन्हाने रापलेला. मदतनीस सुजितने त्यांना अडवलं. "वाचनालय बंद झालंय, आता कार्यकारिणीची सभा आहे. कुणाकडे आलात?"

श्रद्धा उभी राहून म्हणाली, "या, नाना."

आम्ही सगळे बघत राहिलो. देवदत्तांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "घरी कुणी ओळखलं का?" त्यांनी विचारलं.

"बायको म्हणाली, लग्नाआधी बघितलं असतं तर बरं झालं असतं," नाना म्हणाले. हे कौतुक की तक्रार, हे कळायला वेळ लागला असता, पण नाना थांबले नाहीत. ते थेट श्रद्धाच्या समोर, दिव्याखाली जाऊन उभे राहिले.

आणि बोलले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ते म्हणाले, की संस्था माणसांची असते आणि माणसाचे कान गेले म्हणून त्याचं काम जात नाही. श्रद्धा ग्रंथपालच राहील, याच टेबलाशी, याच पगारावर. समान संधीचं धोरण आजच्या आज लिहून दर्शनी भिंतीवर लागेल. कायद्याने हे करायला लावलं हे खरं, पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं आणि आपल्या ते लक्षात आलं नसतं, याची आपल्याला खंत वाटते. इतक्या वर्षांत आम्हीही नानांचं पूर्ण भाषण पहिल्यांदाच ऐकत होतो. माणूस चांगलं बोलतो, हे कुणाला माहीतच नव्हतं. अनुसूयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सुजितने न सांगता टाळ्या वाजवल्या.

श्रद्धाची नजर सबंध वेळ नानांच्या तोंडावरून हलली नव्हती. तिने पायानेच पिशवी टेबलाखाली सारली.

"कळलं ना गं सगळं?" नानांनी विचारलं. "एखादा शब्द सुटला तर नाही?"

"एकही नाही, नाना," ती म्हणाली. "फक्त पुढच्या दातात पोह्यांतली कोथिंबीर अडकलीय. तेवढी काढता का?"