बिनहाराचा फोटो

मीरासाबच्या खोलीत दोन फोटो. तात्या मास्तरांच्या फोटोला हार, शेजारच्या लुमुंबाच्या फोटोला नाही.

लुमुंबा कोण, हे सांगावं तर तात्यांनीच. बेल्जियमच्या गोऱ्यांच्या हातून काँगो देश सुटला, त्याचा पहिला पंतप्रधान. वर्षही झालं नाही तोवर, एकसष्टच्या सतरा जानेवारीला, त्याला गोळ्या घातल्या. प्रेत कुणाला मिळालंच नाही. ॲसिडात विरघळवलं, हे फार मागाहून कळलं. तात्यांनी पाचवीच्या वर्गात त्याला मारल्याची बातमी सांगितली तेव्हा मीरासाब हुंदके देऊन रडला होता. तिथून दोघांची जी गट्टी जमली ती जन्माची. मीरासाब पुढं शिरोलीच्या फाउंड्रीत लागला, तरी दर सतरा जानेवारीला तात्यांकडं हजर.

फोटो पुसायचा, चहा प्यायचा. हार मात्र नाही. "प्रेताची माती झाल्याबिगर हार कसला रं?" तात्या गुरकावत. कोल्हापुरी हट्ट, दुसरं काय! आधी त्या दिवशी तात्यांच्या खोलीत माणूस मावत नसे. मग पाच उरले, मग दोघंच.

शेवटच्या दुखण्यात तात्यांनी विचारलं, "मीऱ्या, लुमुंबाचं काय गावलं का?"

"न्हाई तात्या. कळलं की पयला तुमास्नीच सांगतो."

तात्या गेले. घर बंद करताना त्यांच्या मुलानं, धैर्यशीलनं, लुमुंबाचा फोटो मीरासाबच्या हाती दिला.

परवा मीरासाबची दाढ काढली. डॉक्टर राजनंदिनी ती टाकायला निघाल्या, तसा त्यानं हात पुढं केला. "द्या हिकडं. आमच्यात दात पुरत्यात."

"चाचा, असाच एक दात जगात गाजलाय," जखमेवर कापसाचा बोळा दाबत त्या म्हणाल्या. "काँगोच्या लुमुंबाचा. एका बेल्जियन पोलिसानं ठेवून घेतला होता. तेवढाच उरलेला. तो मायदेशी नेऊन पुरला, दोन हजार बावीसच्या जूनमध्ये."

मीरासाबनं बोटांवर महिने मोजले. तात्या त्यानंतर आठ महिने जगले होते. आठ महिने! आणि हा शहाणा दर रविवारी त्यांच्या उशाशी बसून बिनहाराच्या फोटोकडं बघत होता. पेपरात वाचायचा काय, तर कुस्तीचं पान. त्याला स्वतःची लाज वाटली.

येताना त्यानं झेंडूचा हार घेतला. पण हार घालायच्या आधी तात्यांना सांगायला नको? कबर असती तर शेजारी बसून सांगितलं असतं. तात्यांची राख पंचगंगेत गेलेली. तो तसाच घाटावर गेला, शेवटच्या पायरीवर बसला आणि तोंडातला बोळा काढला.

"तात्या, माती झाली बरं का. तुमी हुता तवाच झाली. मलाच कळलं न्हाई."

म्हैस धुणाऱ्या एका माणसानं वळून पाहिलं. "कोण वारलं वो चाचा?"

"घरचंच माणूस."

"मातीला माणसं हुती न्हवं?"

"तिकडं लई हुती," मीरासाब म्हणाला. "हिकडं मी एकटाच."