पाटीवरची पाचवी ओळ

आईचा शेवटचा साधा दिवस शनिवार होता, आणि तो दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर गेला. खडूची दोरी पत्र्यावर ताणून ती झटका द्यायची आणि निळी सरळ रेघ उमटायची. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "डॉक्टरांना 'वेदनारहित' मोठ्या अक्षरांत हवंय. म्हटलं, आधी मला एखादा पेशंट भेटवा, तो म्हणाला तर मोठं करते."

मी हसले. तिनं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

"उद्या प्रभुभोजन आहे ना?"

"हो."

"तुझे कपडे इस्त्री करून ठेवलेत. मी मागे आहेच."

मागे म्हणजे चर्चमधला शेवटचा बाक. तिथे ती एकोणीस वर्षं बसत होती.

मी सोळा वर्षांची असताना चर्चच्या मंडळीनं आईला व्यासपीठामागची दहा आज्ञांची पाटी नव्यानं रंगवायला दिली होती. आईनं सगळी अक्षरं खडूनं आखली, नऊ आज्ञा रंगवल्या आणि तापानं पडली. लांब ओळ म्हणून शेवटी ठेवलेली पाचवी मला भरायला सांगितली: आपल्या बापाला आणि आईला मान दे. माझा हात चांगला होता. बाबा मात्र दोन वर्षांपूर्वी 'नोकरी बघून येतो' म्हणून गेले होते आणि अजून बघतच होते. मी ओल्या फडक्यानं त्यांना पुसलं, उरलेली ओळ मधोमध आणली आणि रंगवली. आपल्या आईला मान दे. अक्षरं अगदी सुबक आली होती.

चार महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मंडळी दर रविवारी नियमशास्त्राकडे तोंड करून बसायची, पण वाचायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी बाहेरून आलेल्या एका उपदेशकानं लांबलेल्या गाण्यात कंटाळून पाटी वाचली.

पंचमंडळीनं आईला बोलावलं. पंचांतल्या ज्येष्ठांना सगळे पोटनियमकाका म्हणत, कारण देवाचा शब्द ते एखाद वेळी विसरत, पण मंडळीच्या घटनेतला पोटनियम कधीच नाही.

"पाटी कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"पाटी माझी आहे," आई म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

"मग बाप कुठे गेला?"

"मलाही तेच विचारायचं होतं," आई म्हणाली.

ते हसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्यांनी ठराव केला: लेखी पश्चात्ताप मिळेपर्यंत या बाईला प्रभुभोजन नाही. आईनं पश्चात्ताप दिला नाही. घरी मला एवढंच म्हणाली, "न केलेलं केलं म्हणून लिहून देऊ कशी? खोटी साक्ष देऊ नको, ही ओळ मी स्वतः रंगवलीय." मी केलेलं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही आणि मलाही सांग म्हणाली नाही. प्रभुभोजनाचं ताट शेवटच्या बाकावर आलं की ती ते शेजारणीकडे सरकवायची. मी पुढे बसून भाकर खायची, द्राक्षारस प्यायची. पुढे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायलाही लागले. विषय होता पापक्षमा.

रविवारी सकाळी चपला घालताना आई खुर्चीत टेकली ती उठलीच नाही. मी चर्चला गेले नाही. दुपारी मावशी प्रार्थनेहून थेट घरी आली, खूप रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "प्रवचन कृपेवर होतं. छान झालं."

चार वाजता पंचमंडळीनं बोलावलं. मावशी सोबत आली. चर्चच्या मागच्या खोलीत गाण्यांच्या पुस्तकांचे गठ्ठे, चार खुर्च्या आणि एक टेबल होतं. सकाळी प्रवचन केलेल्या पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोटनियमकाकांनी रजिस्टर उघडलं.

"अडचण अशी आहे," काका म्हणाले, "की शिस्तीखालच्या, म्हणजे प्रभुभोजन बंद असलेल्या, माणसाची शवपेटी चर्चच्या आत आणता येत नाही. प्रार्थना दफनभूमीच्या फाटकावर होते. शिस्त उठवायची तर अर्ज लागतो. आणि अर्जदार हयात नाही."

"हे माझ्या लक्षात आलंय," मी म्हणाले.

"मार्ग काढलाय आपण," पाळकसाहेब घाईनं म्हणाले. "तुम्ही आईच्या वतीनं पश्चात्ताप लिहून द्या. आम्ही इथल्या इथे क्षमा करतो. उद्या पेटी थेट व्यासपीठापुढे."

कागद तयारच होता. 'माझ्या दिवंगत आईने देवाचे वचन हेतुपुरस्सर बिघडवले.' खाली माझ्या सहीला जागा.

"साहेब, सकाळी तुम्हीच सांगितलंत ना, कृपा फुकट असते?"

"असतेच. पण फुकट मिळालेल्या वस्तूचीही पोच द्यावी लागते, बेटा."

"येशूच्या गोष्टीतल्या उडाऊ मुलाच्या बापानं पोच घेतली होती? घरी परतलेला पोरगा पाठ केलेली माफी म्हणत होता, तर बापानं ती पुरती ऐकूनही घेतली नाही. आधीच धावत जाऊन मिठी मारली होती."

"म्हणून तर थोरला भाऊ रुसला!" पोटनियमकाका टेबलावर हात आपटून म्हणाले. "त्या बिचाऱ्याची बाजू कुणी घेत नाही. सगळं नियमानं केलं त्यानं."

"तुम्ही घेताय की, काका."

मावशीनं मला कोपर मारलं. "अगं, कशाला वाद घालतेस? कर सही. ताई आत तरी येईल. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

फरक मला पडणार होता, आणि तो सोयीचा होता. सही केली की आई फुलांनी झाकून पुढे, पाळकसाहेबांचे चार गोड शब्द, माझी रविवारची शाळा जशीच्या तशी. फक्त रजिस्टरमध्ये आई कायमची गुन्हेगार राहणार, आणि या वेळी माझ्याच अक्षरात.

मी पेन खाली ठेवलं.

"पाचव्या ओळीतला बाप आईनं पुसला नाही. मी पुसला."

काकांनी चष्मा काढला. मावशी म्हणाली, "काय बोलतेस? शुद्धीवर आहेस ना?"

"आईला माहीत होतं. दुसऱ्याची शिक्षा अंगावर घेणाऱ्यावर आपण दर रविवारी गाणी म्हणतो ना, काका? एक बाई तेच करत शेवटच्या बाकावर बसली होती. आपण ताट पुढे सरकवत राहिलो."

काकांनी रजिस्टरचं पान उलटलं, परत उलटलं. या प्रसंगाला पोटनियम सापडत नसावा.

"पण मग," ते शेवटी म्हणाले, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा घाबरले होते. नंतर पुढचा बाक आवडायला लागला." मी पेन त्यांच्याकडे सरकवलं. "लिहा, काका. ओळ मी रंगवली. शिक्षा आईनं भोगली, आणि मी तिला ती भोगू दिली."