सीलबंद गिअरबॉक्स आणि आमचे निरीक्षक

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढली. पनवेलच्या बाजारातले वजनकाटे तपासायचे, सील मारायचं, आणि कुणी ते फोडलं तर खटला भरायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अंगातला निरीक्षक काही उतरला नाही. लोणच्याची नवी बरणी उघडायची तरी आधी सील बघणार.

त्यात आमच्या गाडीच्या पुस्तकात छापलेलं, की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सीलबंद आहे, तेल बदलायची गरज नाही. झालं! ह्यांना वेदवाक्यच मिळालं.

गाडी मी चालवते. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला क्लच दाबणं शक्य नाही, म्हणून आमच्या लेकीनं, अनुयानं, हट्टानं ऑटोमॅटिक घ्यायला लावली. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले मी! हे शेजारी बसून "सावकाश, सावकाश" म्हणतात, एवढंच ह्यांचं ड्रायव्हिंग. दर गुरुवारी मी जासईला भामाक्काकडे जाते. माझी थोरली बहीण. एकटी राहते, दिसतंही कमी. "तू नाय आलीस तं मी नाय जेवायची, बघ," असं दर बुधवारी फोनवर बजावते, आणि खरंच जेवत नाही. गाडी बसली तर माझा गुरुवार बसला. ह्या गुडघ्यानं एसटीच्या पायऱ्या चढणं माझ्याच्यानं होणार नाही.

मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी जासईच्या वळणावर मागून कंटेनरचा ट्रेलर येत होता. मी पाय दाबला, तर गाडी नुसती गुरगुरली. इंजिन ओरडतंय आणि चाकं ढिम्म! मग असा झटका देऊन सुटली की ह्यांच्या मांडीवरचा अक्काचा डबा खाली.

"उद्या खलीलकडे नेऊ," मी म्हटलं.

"सील फोडायचं नाही," हे म्हणाले. डबा उचलायच्या आधी!

खलीलचं गॅरेज रोडपालीला. त्यानं गाडी एक चक्कर मारून आणली आणि खाली वाकून बघितलं. "भाभी, तेल तपासायची पट्टी दिली नाही म्हणून सीलबंद म्हणतात. खाली बोल्ट आहे, तेल निघतं. सत्तर हजार किलोमीटर झालेत. आज निम्मं बदलू, महिन्यानं पुन्हा निम्मं. एकदम सगळं नको. अजून वर्षभर अशीच चालवलीत तर मात्र गिअरबॉक्सच जाईल."

ह्यांनी पुस्तक काढून त्या ओळीवर बोट ठेवलं. "मग कंपनी काय खोटं लिहिते?"

खलील बिचारा कान खाजवत राहिला. ह्यांच्याशी वाद कोण घालणार? त्याच्या अब्बांचं किराणा दुकान होतं, लहानपणापासून तो ह्यांना टरकून. हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही अब्बांच्या दुकानात दर वर्षी यायचात. जुनं सील स्वतःच काढायचात, काटा तपासायचात, मग नवं मारायचात."

"यायचोच! नियम आहे तो."

आता मात्र माझा पारा चढला. "अहो, बत्तीस वर्षांत एक तरी सील जन्मभरासाठी मारलंत का? नाही ना? मग माझ्याच गाडीला का? त्या ट्रेलरखाली गेल्यावर तपासणार आहात? आणि अक्काला जेवू कोण घालणार, ही तुमची कंपनी?"

ह्यांनी पुस्तक मिटलं आणि खलीलला विचारलं, "माप कसं घेणार?"

"काढलेलं तेल मोजायचं, तेवढंच नवं भरायचं. मग इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान बघून पातळी तपासायची."

मोजायचं म्हटल्यावर स्वारी खुलली. पण खलीलचा तेल मोजायचा जग उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्याच्यावर शिक्का कुठाय?" रिक्षा करून पनवेलला घरी गेले आणि आपलं शिक्क्याचं लिटरचं माप घेऊन आले! करपलेल्या फोडणीसारखं काळंकुट्ट तेल निघालं. ह्यांनी ते तीन वेळा मोजलं. खलीलनं माझ्याकडे बघून हात जोडले.

काल गुरुवार. गाडीत बसले तर काचेच्या कोपऱ्यात ह्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. पडताळणी: गिअरबॉक्स, पहिला टप्पा. पुढील पडताळणी: एक महिन्यानंतर. मालक: सौ. सुनंदा विनायक घरत.

आजवर सगळ्या पनवेलला 'माझी गाडी' म्हणून सांगत फिरला हा माणूस. मला भरूनच आलं. पण तसं दाखवते कशाला? म्हटलं, "निरीक्षकांची सही राहिलीय."

"पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय सही नाही. चल तू."

जासईचं वळण आलं. मागे ट्रेलर होताच. जीव मुठीत धरून मी पाय दाबला, आणि गाडी गुमान निघाली. ना झटका, ना गुरगुर.

ह्यांनी खिशातलं पेन काढलं, पुढे वाकून सही ठोकली. त्या नादात 'सावकाश' म्हणायचं राहून गेलं, आणि मीही आठवण केली नाही.