सहाव्या दिवशी भरलेली बियर

जर्मनीहून आणलेलं माझं घड्याळ बंद पडलं, म्हणून १९९१ च्या दसऱ्याच्या सुमारास मी पहिल्यांदा सयाजी मोहित्यांच्या घरी गेलो. ते बंगळूरला बसवनगुडीत राहायचे. आठवडाभर घड्याळांच्या कारखान्यात जुळणीच्या टेबलावर काम करत आणि रविवारी घरी ओळखीपाळखीच्या लोकांची घड्याळं उघडून बसत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून बंगळूरचं. मराठी बोलता बोलता ते कन्नडमध्ये शिरत आणि त्यांच्या ते लक्षातही येत नसे.

उजव्या डोळ्याला भिंग अडकवून त्यांनी घड्याळ पाहिलं. "अण्णा, याला स्वल्प तेल पाहिजे. बाकी काय झालेलं नाही," म्हणाले. दहा मिनिटांत घड्याळ चालू करून दिलं. मला त्यांचे हात आवडले. घाई नाही, थरथर नाही. पुढच्या शनिवारी मी त्यांना बनशंकरीला आमच्या घरी बोलावलं आणि मी स्वतः केलेली बियर पाजली.

मी एका सरकारी कारखान्यात नियोजन विभागात इंजिनियर होतो. कुठला भाग किती दिवसांत तयार होईल, कशासाठी काय अडून राहील, हे आधीच ओळखणं हे माझं काम. सत्त्याऐंशी साली कामानिमित्त सात महिने जर्मनीत होतो, तेव्हा घरमालकाने तळघरात बियर कशी करतात ते शिकवलं होतं. इथे परतल्यावर मी जवाला मोड आणून ते गच्चीवर वाळवले, चक्कीवर जाडसर भरडून आणले आणि मोठ्या पातेल्यात शिजवले. यीस्ट बेकरीतून आणलं. पहिली बियर इतकी वाईट झाली होती की सुलभाने, माझ्या बायकोने, ती झाडांना घातली, आणि झाडंही सुकली.

सयाजीरावांनी पहिला घोट घेतला, बाटली उजेडात धरून पाहिली. मग विचारलं, "किती दिवसांनी काढता ही?"

"दीड-दोन महिन्यांनी एकदा. अठ्ठावीस बाटल्या होतात."

"आणि मधे संपली तर?"

"संपली तर संपली."

"हे सरी नाही, बरोबर नाही," ते म्हणाले.

त्यांचा मेव्हणा एका बियरच्या कारखान्यात होता. पुढच्या वेळी येताना सयाजीरावांनी त्याच्याकडून हॉप्सची सुकी फुलं आणली. त्या फुलांनी आमच्या बियरला खरा कडवटपणा आला. बुचं बसवायचं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं. दर शनिवारी संध्याकाळी ते स्कूटरवरून येत. आम्ही दोघं मागच्या अंगणात बसून एकेक बाटली पीत असू. सुलभा शेंगदाणे भाजून देई. कधी त्यांच्या पत्नी सकवारबाईही येत आणि दोघी आत गप्पा मारत बसत. घरी बियर करायला परवाना लागतो, हे आम्हाला माहीत होतं. तो आमच्याकडे नव्हता. म्हणून कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

सांगितलं मीच. ऑफिसात एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला. चौऱ्याण्णव सालापर्यंत शनिवारी आमच्या अंगणात आठ-नऊ माणसं जमायला लागली. अठ्ठावीस बाटल्या तीन आठवड्यांत उडायच्या. ड्रममध्ये आंबायला दहा दिवस आणि बाटलीत मुरायला तीन आठवडे, म्हणजे एक खेप तयार व्हायला महिना. मग मी दुसरा ड्रम आणला. नंतर तिसरा. दर दहा दिवसांनी एक खेप लावायची, एक ड्रममध्ये, दोन मुरत, एक पिण्यात. आलेखाच्या कागदावर मी सगळ्याचं वेळापत्रक काढून स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. उन्हाळ्यात बियर बिघडते म्हणून जानेवारीत जास्त करून ठेवायची, हेही त्यात होतं. ऑफिसातले लोक ते पाहून हसायचे आणि मला बरं वाटायचं. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्या नियोजनाचं इतकं कौतुक झालं नव्हतं.

सयाजीरावांना ती गर्दी आवडत नसे, हे मला दिसत होतं. ते कोपऱ्यात बसून एक बाटली संपवत आणि लवकर निघत. एकदा म्हणाले, "पूर्वी आपण पिण्यासाठी करत होतो. आता करण्यासाठी धावतो." मी ते हसण्यावारी नेलं.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये आमचे साहेब निवृत्त होणार होते. त्यांनी स्वतःहून म्हटलं, "पद्माकर, निरोपाची पार्टी तुझ्याकडेच. चाळीस बाटल्या तरी लागतील." जानेवारीचा साठा संपत आला होता, माझ्याकडे बाराच उरल्या होत्या. मी हो म्हणालो. एक खेप ड्रममध्ये होती, तिचा सहावा दिवस. आणखी चार दिवस थांबलो तर मुरायला वेळ उरत नव्हता.

त्या संध्याकाळी सयाजीराव बाटल्या भरायला आले. ड्रममधून निघणारी नळी आम्ही पाण्याच्या भांड्यात सोडलेली असायची. आत आंबणं चालू असेपर्यंत पाण्यात बुडबुडे येत. ते भांड्यापाशी उकिडवे बसले आणि पाहत राहिले.

"अण्णा, अजून येताहेत."

"मिनिटाला एखादा. उरलेलं बाटलीत होईल."

"उन्हाळा आहे, वायू बाटलीत कोंडेल. स्वल्प थांबा."

"साहेबांना काय सांगू? बुडबुडे येताहेत म्हणून?"

 ते उठून बाटल्या पुसायला लागले. एकेक बाटली ते मला देत होते, मी भरत होतो, मग तेच बूच बसवत होते. जिन्याखालच्या कोठीत आम्ही सगळ्या ओळीने उभ्या केल्या आणि वर ओलं पोतं टाकलं.

बाटल्या भरल्यापासून नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते घड्याळ दुरुस्तीचा काही सुटा भाग घ्यायला बनशंकरीला आले होते, म्हणून आमच्याकडे डोकावले. मी अंघोळीला होतो. सुलभाने त्यांना चहा दिला. "बाटल्या बघतो एकदा," असं म्हणून ते कोठीत गेले. पोतं उचललं तेव्हा बाटली फुटली. मी आवाज ऐकला आणि मला वाटलं, बाहेर कुणी फटाका लावला.

बाहेर आलो तर ते कोठीच्या दारात खाली बसले होते. उजव्या डोळ्यावर हात होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. ओरडत नव्हते. "सुलभाअक्का, फडकं द्या," एवढंच म्हणत होते.

रिक्षातून इस्पितळात जाताना त्यांनी माझा हात धरला होता. मी त्यांना धीर द्यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. डॉक्टर विचारतील. पोलिसांना कळवतील. सरकारी नोकरी. मी तोंडाने काही बोललो नाही, पण त्यांनी ते ओळखलं असावं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सोड्याची बाटली. दुकानात उघडताना फुटली."

मी शेजारी उभा होतो. मी गप्प राहिलो.

डोळा गेला. डाव्या डोळ्याने दिसत होतं, पण जुळणीच्या कामाला तो उपयोगाचा नव्हता. भिंगाची सवय उजव्याची. कारखान्याने त्यांना खोकी बांधायच्या विभागात घातलं. पार्टी झाली नाही. उरलेल्या बाटल्या मी डोक्यात हेल्मेट घालून एकेक करून उघडल्या आणि गटारात ओतल्या. वेळापत्रक फाडलं. ड्रम भंगारवाल्याला दिले.

पहिले पंधरा दिवस मी रोज बसवनगुडीला गेलो. मग आठवड्याने. त्यांचं रविवारचं टेबल खिडकीशी होतं, त्यावर सकवारबाईंनी चादर घातली होती. मी तिथे बसायचो आणि मला ती चादरच दिसायची. ते नेहमीसारखे बोलत. एकदाही त्यांनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. मला वाटायचं, काढावा. शिव्या द्याव्यात. मग मी जायचा थांबलो. आज ऑफिसात उशीर झाला, उद्या सुलभाचं डोकं दुखतंय, अशी कारणं स्वतःलाच सांगत राहिलो. सुलभा म्हणायची, "जाऊन या की." मी म्हणायचो, "मला बघून त्यांना त्रासच होत असेल." असं म्हणायला सोपं होतं.

तीन वर्षं गेली. नव्याण्णवच्या मेमध्ये दाराची बेल वाजली. सयाजीराव उभे होते, हातात लग्नपत्रिका. त्यांच्या मुलीचं, अक्षराचं लग्न ठरलं होतं. खूप वाळले होते. सुलभाने पाणी आणलं. पत्रिका देऊन झाल्यावर ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "बियर बंद केली म्हणे."

"त्याच दिवशी."

"मला कुणी विचारलं नाही, बंद करायची का म्हणून."

 जे तीन वर्षं मनात होतं ते मी एकदाचं बोललो. "तुम्ही थांबा म्हणाला होतात. मी ऐकलं नाही. आणि इस्पितळातही..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "थांबा म्हणालो, आणि बुचं मीच बसवली. इस्पितळात मी माझ्या मनानं बोललो. त्याचं काय नाही." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पहिलं वर्षभर शनिवारी संध्याकाळी मी चपला घालून ओसरीवर बसायचो. सकवार विचारायची, कुठं निघालात? मी म्हणायचो, अण्णा न्यायला येतील. डोळा गेला तर गेला, अण्णा. तुम्ही का गेलात?"

सुलभा आत निघून गेली. मी पत्रिकेवरचं नाव वाचत बसलो.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. मांडवात त्यांनी माझी नातेवाइकांशी ओळख करून दिली, "हे माझे दोस्त." त्यानंतर मी पुन्हा शनिवारी जायला लागलो. आम्ही ओसरीवर बसून कॉफी पितो. पावसाची, महागाईची, नव्या रस्त्यांची चर्चा करतो. पूर्वी तासन्‌तास गप्प बसलो तरी चालायचं. आता कुणी गप्प झालं की दुसरा घाईने काहीतरी विचारतो. गेल्या शनिवारी साडेसातलाच मी निघालो, आणि त्यांनी थांबा म्हटलं नाही.