दुमडलेले टोक

तिने टेस्टरचे टोक तारेला टेकवले आणि टेस्टर लागला.

मेन स्विच खाली होता. ताईंनी तो तिच्या डोळ्यांदेखत ओढला होता, त्याला कुलूप घातले होते आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली होती. लाँड्रीतली सगळी मशीन गप्प होती. उंच खिडक्यांतून येणारा उजेड ओल्या चादरींच्या ढिगांवर पडला होता आणि कुठेतरी पाणी ठिबकत होते. तरीही तिच्या हातातला तो इवलासा दिवा शांतपणे तांबडा जळत होता. तिने टेस्टर काढला, पुन्हा लावला. पुन्हा तांबडा.

"ताई," ती म्हणाली. आवाज जमेल तितका साधा ठेवला. "यात करंट आहे."

पलीकडे पॅनेलचे झाकण उघडत असलेल्या ताईंचे हात जागच्या जागी थांबले.

"आधी हात मागे घे. घेतलास? आता सावकाश ऊठ."

ती उठली. उभी राहिल्यावर तिने खाली बघितले. जिथे ती टेकून बसली होती, तिथली फरशी ओली होती.

ताई म्हणजे तिच्या थोरल्या नणंदबाई. घरात ताई आणि कामावरही ताईच, कारण इलेक्ट्रिशियनांच्या युनियनमधली निम्मी माणसे त्यांच्या हाताखाली शिकून गेली होती. काही महिन्यांत त्या निवृत्त होणार होत्या. एका घरातल्या दोघांना युनियन सहसा एका कामावर पाठवत नसे, पण या आठवड्यात माणसे कमी होती. जुने पॅनेल काढून नवे बसवायचे, एवढेच काम होते.

तीन वर्षांपूर्वी ती एका कारखान्यात खोकी भरायची. एका सकाळी फाटकावरच्या माणसाने वर न बघता सांगितले, उद्यापासून येऊ नका. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तेव्हा नवऱ्यानेच तिला उठवून बसवले होते. "शिकाऊ म्हणून ये आमच्यात," तो म्हणाला होता. "चार वर्षं कळ काढ. शिकतानाही पगार आहे. एकदा युनियनचं कार्ड हातात पडलं की कुणाच्या बापाची टाप नाही तुला फाटकावरून परत पाठवायची." तो स्वतः युनियनचा जुना इलेक्ट्रिशियन. संध्याकाळी शिकाऊ मुलामुलींचा वर्ग घ्यायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. तारेला हात लावण्याआधी ती मेली आहे की तिच्यात वीज आहे हे स्वतः तपासा, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, हे त्याने वर्गात इतक्यांदा सांगितले होते की मुले त्याची नक्कल करायची. आज तिचा जीव त्या एका वाक्याने वाचला होता.

चादरींच्या ढिगाआडून एक बाई पुढे आली. लाँड्री बंद असूनही ती घड्या घालायला आली होती.

"सासूबाईंनी झटका दिला का?" तिने हसत विचारले.

"कोणी?"

"ही काय." बाईने त्या मोठ्या ड्रायरकडे हनुवटी उडवली. "आम्ही हिला सासूबाई म्हणतो. जवळ गेलं की चिमटा काढते. म्हणून दार उघडायला ती लाकडी दांडी ठेवलीय. नवीन मुली आल्या की पहिल्यांदा हेच शिकवतो, सासूबाईंना ओल्या हाताने शिवायचं नाही."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्या दांडीकडे बघितले. हात लागून लागून ती गुळगुळीत झाली होती.

वीज कंपनीचा माणूस येऊन बाहेरूनच लाइन तोडून गेला, तोपर्यंत कोणी कशाला हात लावला नाही. मग दोघींनी त्या तारेचा माग काढला. ड्रायरच्या मागून ती पाइपातून वर गेली होती, छताच्या कडेकडेने पुढे आणि मेन स्विचच्या मागे. ताई शिडीवर चढल्या. छताजवळ एक लहानसा डबा होता, त्याचे झाकण त्यांनी उघडले.

"टॉर्च दे."

ती शिडीच्या दुसऱ्या बाजूने दोन पायऱ्या चढली आणि तिने टॉर्च वर धरला. मेन स्विचला वळसा घालून, त्याच्या आधीच बाहेरून येणाऱ्या केबलला जोड दिला होता. स्विच खाली ओढला काय आणि वर काय, ड्रायरला वीज मिळतच राहणार. अर्थिंगचा तर पत्ताच नव्हता. पण काम मात्र देखणे होते. तारांचा पीळ घट्ट, एकसारखा आणि उलटा, डावखुऱ्या माणसाने भरलेला. वर टेपचे वेढे नीट एकावर एक बसलेले, आणि शेवटी टेपचे टोक आत दुमडून त्याला चिमूटभर कान काढलेला.

ती त्या कानाकडे बघत राहिली. घरात टेपचे प्रत्येक रीळ असेच असायचे. खोक्यावरची चिकटपट्टी असो, नाहीतर फाटक्या पुस्तकाला लावलेली, टोक दुमडलेलेच. "पुढच्या माणसाचं नख मोडू नये," तो म्हणायचा.

टॉर्चचा उजेड हलला.

"नीट धर," ताई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे बघितले नाही. पण कान धरून टेप सोडवायला सुरुवात करण्याआधी त्यांचा अंगठा त्यावर क्षणभर थांबला. लहान मुलाच्या कपाळाला ताप आहे का बघावे तसा.

जोड कापून त्यांनी जेवणाच्या पिशवीत टाकला.

"जुनं काम आहे," खाली उतरून त्या बाईला म्हणाल्या. "कोणाचं कोण जाणे."

"जुनं कसलं? ही मशीन आली तेव्हाच केलंय की. रविवारी एक जण आला होता, मालकांच्या ओळखीचा. स्विच सारखा आपोआप पडून सगळं बंद व्हायचं ना, म्हणून. भला माणूस हो. जाताना सगळी जागा झाडून गेला."

ताईंनी शिडी मिटली.

बाहेर अवजारांची पेटी गाडीत ठेवताना ताई म्हणाल्या, "घरी काही काढू नकोस. मी बघते."

"काय बघता?"

ताईंनी गाडीचे दार लावले.

ती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात भाजी चिरत शीळ घालत होता. सुरी डाव्या हातात. साली वेगळ्या, देठ वेगळे, ओटा लखलखीत. तिने चपला काढल्या, हात धुतले आणि ते पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"आज कुठे होतीस?"

"लाँड्रीत. पुलापलीकडच्या."

शीळ थांबली. सुरी एकदाच चुकीच्या जागी पडली.

"कुणाला लागलं का?" त्याने विचारले.

तिने पंचा खुंटीला अडकवला. ती फक्त लाँड्री म्हणाली होती. नवीन पॅनेल म्हणाली नव्हती, तार म्हणाली नव्हती, काही बिघडले होते असेही म्हणाली नव्हती.

"मी त्या ड्रायरमागे बसले होते," ती म्हणाली. "ओल्या फरशीवर. मेन बंद होता."

त्याने सुरी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला तिने आधी कधी बघितला नव्हता. तो भराभर बोलू लागला.

"लोक मागे लागतात गं. मालकाला मशीन चालू हवी असते, परवानगीला सहा-सहा महिने लागतात. मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी भुरटा येऊन करणार. तो टेपसुद्धा धड लावणार नाही. मी निदान नीट करतो."

"नीट," ती म्हणाली.

"तात्पुरतं म्हणूनच करतो. त्यांना सांगतो, पुढं-मागं नीट करून घ्या."

"आणि घेतात ते?"

त्याने देठ गोळा करून एका बाजूला सारले.

"अजून कुठं कुठं केलंय?"

"अगं, किती वर्षं झाली." त्याने कपाळ चोळले. तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता, हे तिला दिसत होते. "एक बेकरी होती. एक ते पाळणाघर, गल्लीतलं, नाव विसरलो. दोन-तीन गोदामं. बाकीचं... नाही आठवत."

"पाळणाघर?"

"गरम पाण्याची टाकी चालत नव्हती त्यांची. पोरं गार पाण्यानं..." तो मध्येच थांबला.

भाजी तशीच राहिली. तो वर्ग घ्यायला निघाला. दारात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती हलली नाही आणि तिने तो झटकलाही नाही.

सकाळी ती युनियनच्या कचेरीत गेली. जिना चढताना ताई वरून उतरताना दिसल्या. खांद्याला नेहमीची पिशवी नव्हती. त्यामुळे की काय, त्या एकदम म्हाताऱ्या वाटल्या.

"तू इथं कशाला आलीस?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही बघते म्हणालात."

"बघितलं मी." कठड्याला धरून त्या एक पायरी खाली आल्या, तिच्या बरोबरीला. "एक वर्ष राहिलंय तुझं. ते पुरं कर. त्याला बजावलंय मी, पुन्हा असलं करणार नाही तो. लहानपणापासून ओळखते मी त्याला. घरी जा."

आणि त्या उतरून गेल्या. खाली रस्त्यावरचे दार उघडल्याचा आवाज झाला, मग बंद झाल्याचा.

सेक्रेटरी टेबलाशी बसले होते. त्यांच्यासमोर युनियनचे एक वापरून मऊ झालेले कार्ड पडले होते. त्यावरच्या फोटोत ताई तरुण होत्या आणि हसू दाबत होत्या. शेजारी तो कापलेला जोड.

"बस," ते म्हणाले. त्यांना बोलायला जड जात होते. "बरं झालं आलीस. तू होतीस ना काल बरोबर? विश्वास बसत नाही. आमच्या सगळ्यांना शिकवलं त्या बाईनं. म्हणे, हे माझंच काम, रविवारचं, खासगीतलं. कार्ड ठेवून गेल्या. आता निवृत्तीचंही सगळं गेलं त्यांचं." त्यांनी जोड उचलला, उलटसुलट करून बघितला आणि खाली ठेवला. "एवढं एकच केलं म्हणाल्या. तेवढं एक बरं. आता हे प्रकरण इथंच मिटवता येईल."

ती बसली नाही. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. कामाला निघालेली माणसे, शटर वर करणारा दुकानदार, एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने मूल सांभाळत घाईघाईने चाललेली बाई. मूल मागे वळून वळून काहीतरी बघत होते आणि बाई त्याला पुढे ओढत होती.

"तू काय सांगायला आली होतीस?" सेक्रेटरींनी विचारले.

कार्डावरच्या त्या दाबलेल्या हसण्याकडे तिने एकदा बघितले. मग खुर्ची ओढून ती बसली.

"एकच नाही," ती म्हणाली. "बरीच आहेत. एक पाळणाघर आहे, तिथं आज आत्ता माणूस पाठवा. बाकीची कुठं कुठं आहेत, ते त्यांनाही आठवत नाहीये."

सेक्रेटरींचा हात टेलिफोनकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"त्यांना म्हणजे?" त्यांनी विचारले. "ताईंना?"